राजाची दवंडी

सणासुदीला दुःखाची गोष्ट काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. आणि दिवाळी अंकात तर नाहीच नाही. एका हातात चकली आणि मांडीवर अंक अशा सुखात बसलेल्या वाचकाला मी एका आंधळ्या झालेल्या राजाची कहाणी सांगू लागलो, तर घरातले कुणी वडीलधारे माणूस 'आजच्या दिवशी नको रे बाबा' असे म्हणायचे. पण प्राचीन ग्रीकांचा रिवाज नेमका उलटा होता. वसंताच्या आरंभी अथेन्स नगरीत डायोनायसस देवाचा मोठा उत्सव भरे. मिरवणुका निघत, बळी दिले जात, मद्याला तोटा नसे. आणि त्याच उत्सवात, अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, उघड्या आकाशाखाली, लख्ख उन्हात, हजारो माणसे दिवसच्या दिवस बसून शोकनाट्ये पाहत. दुःख विसरण्यासाठी सण, हे आपले गणित. सर्वांनी एकत्र बसून दुःखाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, तेही सणालाच, हे त्यांचे. तेव्हा त्यांच्या आधारावर मी आज हा अपराध करीत आहे.

राजाचे नाव ईडिपस. त्याचे नाटक सॉफोक्लीजने लिहिले. हा नाटककार इसवी सनापूर्वी सुमारे ४९६ ते ४०६ असा नव्वद वर्षे जगला, शंभरावर नाटके त्याने लिहिली, आणि काळाच्या तडाख्यातून त्यांतली अवघी सात आपल्यापर्यंत धड पोहोचली. पु. ल. देशपांड्यांनी हे नाटक 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. ग्रीक अक्षराशी माझी ओळखही नाही. जे काही वाचले ते भाषांतरांच्या खिडकीतून. पण खिडकीतूनही डोंगर दिसतोच. जगातल्या उत्तम शोकनाट्यांत ज्याची पहिली गणना होते, त्या या नाटकाला अथेन्सच्या परीक्षकांनी त्या वर्षी दुसरे बक्षीस दिले होते, ही हकिगत मात्र मी वर्गात आवर्जून सांगतो. वक्तृत्व स्पर्धेत मागे पडलेल्या पोरांना तेवढाच धीर येतो.

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी, एखादा तास मोकळा मिळाला की, ही गोष्ट सांगतो. थीब्ज नगरीत रोगाची साथ आली आहे. पिके करपली आहेत, जनावरे मरताहेत, बाया बाळंतपणात दगावताहेत. राजा ईडिपस डेल्फीच्या देवाला कौल लावतो. कौल येतो : पूर्वीचा राजा लेयस याचा मारेकरी याच नगरीत मोकळा फिरतो आहे, त्याला बाहेर घालवा. ईडिपस लगेच शोध आरंभतो, आणि शोधता शोधता त्याला कळते की, तिवाट्यावर भांडणात आपण ज्या अनोळखी म्हाताऱ्याला ठार केले तो लेयस होता. तो आपला जन्मदाता होता. आणि त्याची विधवा राणी जोकास्टा, जिच्याशी आपण लग्न केले, जिच्यापासून आपल्याला मुले झाली, ती आपली आई आहे. तान्हेपणी पायांत टाचणी मारून डोंगरावर टाकून दिलेले पोर आपणच. जोकास्टा गळफास घेते. ईडिपस तिच्याच वस्त्रावरच्या सोन्याच्या काट्यांनी आपले डोळे फोडून घेतो.

इथे वर्गात शांतता पसरते आणि मग कुणीतरी हमखास विचारते, "पण सर, त्याची चूक काय?"

या एका प्रश्नावर पंडितांनी ग्रंथांचे ढीग रचले आहेत. सॉफोक्लीजच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी जन्मलेल्या ॲरिस्टॉटलने म्हटले की, शोकनाट्याचा नायक अगदी साधुपुरुषही नसावा आणि दुष्टही नसावा. तुमच्या-आमच्यासारखा, थोडा वरच्या पायरीवरचा असावा, आणि एखाद्या प्रमादामुळे त्याचा नाश व्हावा. त्याने उदाहरण म्हणून ईडिपसचेच नाव घेतले. प्रमादासाठी त्याने योजलेला शब्द 'हमार्तिया' हा आहे, आणि जाणकार सांगतात की त्याचे मूळ नेम चुकण्यात आहे. बाण सुटला, पण जिथे लागायचा तिथे लागला नाही.

नेम चुकणे वेगळे आणि माणूस खोटा असणे वेगळे. पण आम्ही मराठी माणसे शोकनाट्य शिकलो ते ग्रीकांकडून नव्हे, शेक्सपिअरकडून. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट' मराठीत आणले, त्याला नाव दिले 'विकारविलसित'. नावातच निदान आहे : विकाराने खेळ मांडला आणि माणूस बुडाला. देवलांचा १८९० चा 'झुंझारराव' म्हणजे ऑथेल्लो. तो संशयाने बुडाला. गडकऱ्यांचा सुधाकर प्याल्याने बुडाला. तेव्हापासून नायक पडला की आम्ही त्याच्या स्वभावातला दोष हुडकायला लागतो. दोष सापडला की आमचा जीव भांड्यात पडतो, कारण तो दोष आपल्यात नाही अशी आपली खात्री असते! ईडिपसच्या बाबतीतही लोकांनी दोष हुडकला : तो तापट होता, अहंकारी होता. तापट तो होताच. तिवाट्यावर वाट देण्यावरून त्याने माणसे मारली. आंधळ्या टायरेसियस ऋषीने सत्य सांगितले तेव्हा त्याने त्या वृद्धाला कारस्थानी ठरवले, मेहुणा क्रेऑन याला राजद्रोही म्हटले, आणि बोलायला कचरणाऱ्या म्हाताऱ्या धनगराचे हात पिरगळायला लावले. यातले काही मी झाकू इच्छित नाही. पण तापटपणाची शिक्षा पितृवध आणि मातृविवाह अशी असते का? तसे असते तर आमच्या शिक्षकवर्गातले फार थोडे लोक वाचले असते.

आपल्याकडची एक कथा या प्रमादाच्या फार जवळची आहे. दशरथाने अंधारात आवाजाच्या रोखाने बाण सोडला. त्याला वाटले हत्ती पाणी पितो आहे. बाण लागला तो श्रावणबाळाला. नेम चुकला. वाल्मीकींच्या रामायणात दशरथ पळून जात नाही. पाण्याचा घडा भरून घेऊन तो त्या अंध आईबापांपाशी जातो आणि आपल्या तोंडाने सांगतो की, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. त्यावर तो वृद्ध त्याला म्हणतो की, हे तू स्वतः येऊन सांगितले नसतेस तर तुझ्या डोक्याच्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. शाप चुकत नाही, तो मिळतोच. पण न कळत केलेले आणि कळून केलेले यांत फरक आहे, आणि केलेले सांगणे व न सांगणे यांत त्याहून मोठा फरक आहे, एवढे त्या पुत्रशोकाने वेड्या झालेल्या म्हाताऱ्यालाही कळत होते.

ग्रीकांनाही ते कळत होते. अथेन्सच्या जुन्या कायद्यात जाणूनबुजून केलेला खून आणि न कळत झालेला वध वेगळे धरलेले होते. तरीही रक्ताचा विटाळ त्यांना फार खरा वाटे. कुणाच्या अंगावर पडून जीव घेणारा दगड किंवा लाकूड यांवरही तिथे रीतसर खटला चाले आणि ती निर्जीव वस्तू सीमेपलीकडे टाकली जाई. दगडाला कोण दोष देणार? तरी तो गावात नको. ईडिपस असा दगड आहे, असे म्हणून हात झटकता येतात. फरक एवढाच की, हा दगड आपला खटला आपणच चालवतो.

पोरांचा प्रश्न 'त्याची चूक काय' हा आहे. पुष्कळ वर्षे मीही त्याच प्रश्नाला उत्तर शोधत होतो. अलीकडे मला वाटू लागले आहे की, या नायकाचे मोठेपण त्या प्रश्नाच्या आसपास नाहीच. ते नाटकाच्या सुरुवातीलाच, आपण फारसे लक्ष न देता ओलांडून जातो त्या दवंडीत आहे. कौल ऐकल्यावर ईडिपस नगरजनांपुढे जाहीर करतो की, लेयसच्या मारेकऱ्याला कुणी थारा देऊ नये, कुणी त्याच्याशी बोलू नये, पूजेच्या पाण्यात त्याला वाटा देऊ नये, त्याला दारातून हाकलावे. आणि तो पुढे म्हणतो की, तो माणूस माझ्या घरात माझ्या माहितीने राहत असेल, तर हाच शाप मलाही लागो. हे म्हणताना त्याला काही ठाऊक नसते. प्रेक्षकांना सगळे ठाऊक असते. नियम करणारा कोणता माणूस नियम करताना स्वतःचा विचार करतो? नियम हा नेहमी दुसऱ्यासाठी असतो. तो फिरून आपल्या दाराशी आला म्हणजे माणसाची परीक्षा सुरू होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण काही उगाच झिजेपर्यंत वापरली गेलेली नाही.

शोध जसजसा स्वतःकडे वळतो तसतशा ईडिपसला पळवाटा मिळत जातात, आणि त्या चांगल्या रुंद असतात. पहिली पळवाट व्याकरणाची आहे. मी मराठी शिकवतो म्हणून मला ती विशेष दिसते. लेयसवरच्या हल्ल्यातून वाचलेल्या एकमेव नोकराने सांगितलेले असते की, राजाला लुटारूंनी मारले. लुटारूंनी, लुटारूने नव्हे. ईडिपस त्या अनेकवचनाला बुडत्याने काडीला धरावे तसा धरतो : तो अजूनही अनेक म्हणत असेल तर मी सुटलो, कारण एक म्हणजे अनेक नव्हे. त्या साक्षीदाराला बोलावणे धाडले जाते. आणि तो म्हातारा धनगर समोर येऊन उभा राहतो तेव्हा ईडिपस तो प्रश्न विचारतच नाही! तोवर त्याच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिलेला असतो : डोंगरावर टाकायला दिलेले ते मूल कुणाचे होते? सुटकेचा प्रश्न विचारायचा राहून गेला आणि बुडवणारा प्रश्न तेवढा विचारला गेला.

दुसरी पळवाट जोकास्टा देते. कॉरिंथहून आलेला निरोप्या बोलता बोलता सांगतो की, तू तिथल्या राजाचा पोटचा मुलगा नव्हेस. राणीला त्या क्षणी सर्व उमगते. ती नवऱ्याला विनवते की, पुढे विचारू नकोस; जिवाची पर्वा असेल तर हा शोध इथेच थांबव. मला ही बाई वाईट वाटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाणपण तिच्या जिभेवर आहे, आणि आपल्या कोणत्याही घरात, वडीलधाऱ्यांनी, अगदी प्रेमापोटी, हेच सांगितले असते. चार मुले आहेत. राज्य आहे. जे झाले ते झाले. यात खोटे काय? एवढेच, की बाहेर नगरी मरते आहे, आणि दवंडी दिलेली आहे. तो विचारतो. धनगर म्हणतो, आता बोलणे भयंकर आहे. हा म्हणतो, ऐकणेही भयंकर आहे, पण ऐकायचेच.

आपल्या इतिहासात एक प्रसंग आहे, तो इथे आठवल्यावाचून राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरले, देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. शास्त्रीबुवांचा मान महाराष्ट्रात अजून आहे, तो योग्यच आहे. पण त्या वाड्यात न्यायाधीश एक होता आणि अपराधी दुसरा. म्हणून एकाला निकाल देऊन जाता आले आणि दुसऱ्याला तो ऐकून न ऐकल्यासारखे करता आले. थीब्जच्या राजवाड्यात राघोबा आणि रामशास्त्री एकाच अंगरख्यात आहेत. आणि त्यांतला रामशास्त्री जिंकतो.

डोळे फोडून घेणे मात्र दवंडीत नव्हते. हद्दपारी होती. ती शिक्षा त्याने आपल्या पदरची वाढवली. तिवाट्यावर ज्या रागाने काठी उचलली तोच राग इथे स्वतःवर उलटला, असे मला वाटते, आणि त्याचे कौतुक करायला माझे मन घेत नाही. आंधळा राजा बाहेर येतो आणि नव्या सत्ताधाऱ्याला, क्रेऑनला, विनवतो की, मला आत्ताच्या आत्ता नगरीबाहेर घालव. त्यावर क्रेऑन म्हणतो की, आधी देवाला पुन्हा विचारून पाहू. म्हणजे वरून हुकूम आल्यावर बघू! ज्याने कचेरीचे उंबरे झिजवले आहेत त्याला या ठिकाणी हसावे की रडावे कळत नाही. साथ गेली की नाही, हे नाटकात पुढे कुठेच येत नाही. ज्या कारणासाठी सारे मांडले ते कारण कवीने जणू मागेच सोडून दिले.

सॉफोक्लीजने मात्र ईडिपसला सोडले नाही. नव्वदीला टेकल्यावर त्याने त्याच्यावर आणखी एक नाटक लिहिले, 'कोलोनसचा ईडिपस'. ते कवी गेल्यावर, इसवी सनापूर्वी ४०१ साली, त्याच्या नातवाने रंगभूमीवर आणले. त्यात म्हातारा, भिकारी ईडिपस मुलगी अँटिगनीच्या आधाराने अथेन्सजवळच्या एका पवित्र राईत येतो. आणि तिथे तो ताठ मानेने सांगतो की, मी निर्दोष आहे. माझ्यावर हात उचलणाऱ्याला मी मारले, तो कोण हे मला ठाऊक नव्हते. मी केले त्याहून मी भोगले जास्त. राग निवल्यावर मला कळले की, मी स्वतःला दिलेली शिक्षा अपराधाहून मोठी होती, असेही तो कबूल करतो.

काही टीकाकारांना यात विसंगती दिसते. पहिल्या नाटकात अपराधी म्हणून डोळे फोडून घेतले आणि दुसऱ्यात निर्दोष म्हणून भांडतो, हे कसे? मला यात विसंगती दिसत नाही, क्रम दिसतो. 'मला ठाऊक नव्हते' हे वाक्य त्याला पहिल्या नाटकातही म्हणता आले असते. ते खरेच होते. राजवाड्याच्या पायरीवर, मुकुट डोक्यावर असताना, ते म्हटले असते तर कोण त्याला खोटे पाडणार होते? पण तेव्हा तो ते म्हणत नाही. आधी मुकुट उतरतो, राजवाडा सुटतो, भिकेची झोळी खांद्यावर येते. मग तो ते म्हणतो, आणि तेव्हा ऐकणाऱ्याला ते ऐकावेसे वाटते. आपण बहुतेक जण हे वाक्य आधी म्हणून टाकतो.

हे मी कुणाकडे बोट दाखवून म्हणत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सहलीच्या वर्गणीचे पाकीट माझ्या टेबलावरून नाहीसे झाले. आत दोन हजारांवर रुपये होते. मी वर्गात उभा राहून जाहीर केले की, ज्याच्यामुळे ते गेले असेल तो आठ दिवस दाराबाहेर उभा राहील, मग तो कुणीही असो. 'मग तो कुणीही असो' हे शब्द मला चांगले आठवतात, कारण ते म्हणताना मला बरे वाटले होते. माझा संशय शेवटच्या बाकावरच्या एका मुलावर गेला. कारण विचाराल तर काही नाही. त्याने वर्गणी भरली नव्हती, एवढेच. मी सर्वांदेखत त्याचे दप्तर ओतायला लावले. त्यातून अर्धी भाकरी आणि समासापर्यंत भरलेली एक वही निघाली. तो खाली बघत म्हणाला, "सर, तुमच्या पिशवीत बघा ना एकदा." मला तो उद्धटपणा वाटला. मी त्याला दोन तास बाहेर उभा केला.

रात्री उत्तरपत्रिका तपासताना, माझ्याच पिशवीत, दोन गठ्ठ्यांच्या मध्ये ते पाकीट मिळाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि म्हणालो, "मुलांनो, पाकीट सापडले." मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलाला मी जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला आणि त्याची वर्गणी माझ्या खिशातून भरली. आपण उदार झालो असे वाटले. दाराबाहेर मी उभा राहिलो नाही. मराठी शिकवणाऱ्या माणसाला 'सापडले' या क्रियापदाची सोय बरोबर कळते : कुणाला सापडले, कुठे सापडले, कुणी हरवले होते, काही सांगावे लागत नाही. वाक्य पूर्ण होते आणि कर्ता घरी सुखरूप राहतो. मला ठाऊक नव्हते, हे तर खरेच होते. ते मी मनाशी पहिल्याच रात्री म्हणून घेतले होते.

गेल्या उन्हाळ्यात एस.टी. स्टँडवर तो भेटला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला आहे, लग्न झाले आहे. वाकून नमस्कार केला आणि चहाला घेऊन गेला. चहा निम्मा झाल्यावर मी त्याला सांगितले की, ते पाकीट माझ्याच पिशवीत होते. तो हसला. रागाचे हसू नव्हते ते.

"ते तेव्हाच कळलं होतं, सर," तो म्हणाला. "तुम्ही 'सापडलं' म्हणालात ना."

मग त्याची गाडी लागली. चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.